घरमालकिणीची चार पानं

"काका, तुम्ही मला चार वर्षं विंगेत का उभं ठेवलंत?"

प्रश्न एवढाच होता. एका दमात संपणारा, शाळेतल्या कुठल्याही तोंडी परीक्षेपेक्षा सोपा. पण सकाळी बस सुटल्यापासून तो तिच्या घशात न चघळता गिळलेल्या गोळीसारखा अडकून बसला होता. खाली जात नव्हता, वर येत नव्हता. खिडकीकडे तोंड करून ती तो ओठातल्या ओठात म्हणून बघत होती. कधी जरा लाडात, कधी पोलीस चौकीत विचारतात तसा. शेवटी आईने पिशवीत हात घातला आणि विचारलं, बस लागतेय का गं, लिंबाची गोळी देऊ का.

प्रश्न तिचा, पण विचारायची हिंमत उसनी. ती दिली होती शहरातल्या शाळेतल्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी. एक ताडमाड उंच, तिला सगळे जिराफ म्हणत. दुसरी बुटकी, पण जिभेने तिखट, ती फटाकडी. झालं होतं असं की शाळेचं नाटक बसत होतं आणि त्यात एक घरमालकीण होती. भाडेकरूंच्या अंगावर चार पानं सलग ओरडणारी, दारं आपटणारी आणि शेवटी स्वतःच्याच जिन्यावरून घसरून पडणारी. जिला ही भूमिका मिळाली होती ती मुलगी शाळा सोडून गेली. आता तिच्या जागी कुणाला घ्यायचं, ते नाटकाच्या बाई सोमवारी ठरवणार होत्या.

आपल्या नायिकेला ती चार पानं झोपेतही येत होती. डब्याच्या सुट्टीत ती बाकावर उभी राहून अशी कडाडायची की शेजारच्या वर्गातली मुलं हातात डबे घेऊन दारात गोळा व्हायची. पण बाईंनी तिच्या हातात दिली होती नाटकाची प्रत. म्हणजे विंगेत उभं राहायचं आणि कुणी अडखळलं की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. दोष कुणाचा? तिचाच. पहिल्याच दिवशी तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की आमच्या जुन्या गावच्या नाटक मंडळीत मी चार वर्षं प्रॉम्प्टर होते. बाईंना आनंद झाला. असा आयता प्रॉम्प्टर कुणाला नको असतो?

जिराफ म्हणाली, मग माग की भूमिका. ती म्हणाली, माझ्यात काही असतं तर गावात नाटक बसवणाऱ्या शिंपीकाकांनी दिली नसती का, ते माणसाला नुसतं बघून त्याचं माप सांगतात. आईही कायम तेच म्हणायची, काका उगाच का ठेवायचे तुला विंगेत, त्यांना कळतं. यावर फटाकडीने डोळे बारीक केले. रविवारी जातेच आहेस ना जुन्या गावाला, मग त्यांनाच तोंडावर विचार. नाही विचारलंस तर नाटक होईपर्यंत आमची दोघींची दप्तरं तुझ्या पाठीवर. पैज लागली. दप्तरांचं काही नव्हतं, पाठ मजबूत होती. पण सोमवारी भूमिका मागायची की गपगुमान प्रत धरायची, हे त्या एका उत्तरावर ठरणार होतं आणि ते तिलाही पक्कं ठाऊक होतं.

बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि घर शहरात आलं. तेव्हापासून घरात एक वाक्य फिरत होतं: "एकदा जाऊन येऊ." सुट्टी आली की वाक्य यायचं, सुट्टी संपली की जायचं. या वेळी मात्र आईने शनिवारीच पिशवी भरून दाराशी ठेवली आणि बाबांची पळवाट बंद केली.

बाबांना बसमध्ये नुसता प्रवासी म्हणून बसताच येत नाही. डॉक्टर छातीला कान लावतात तसा ते खिडकीच्या दांडीला कान लावून बसले होते. मध्येच म्हणाले, गिअरबॉक्स रडतोय. पहिल्या थांब्यावर उतरून त्यांनी ही बातमी ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, तो गेली सहा वर्षं रडतोय, आता आम्हाला त्याच्याशिवाय करमत नाही. बाबा इतके खूश झाले की उरलेला रस्ता पुढे ड्रायव्हरशीच बोलत गेले.

गाव आलं आणि आई-बाबा बदलले. शहरात जिना चढताना 'गुडघे, गुडघे' करणारी आई अशी तरातरा चालायला लागली की पिशवी मागे पडली. ती बाबांनी उचलली. गाव तसं छोटं, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला 'शतायुषी हो' म्हणतील एवढंच. पण दोघांच्या आठवणींचे थांबे इतके की एका रस्त्याला तासभर लागला. इथे तुझा पुढचा दात पडला. इथे बाबांनी पहिली सायकल घेतली आणि याच खड्ड्यात पाडली. खड्डा अजून होता. बाबा त्याच्याकडे जुन्या मित्राकडे बघावं तसं बघत राहिले.

औषधवाले दुकानाच्या दारातच उभे होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "अरे, कुजबुज आली!" हे तिचं गावातलं नाव. विंगेतून पुरवलेल्या शब्दांवरून पडलेलं. औषधवाले म्हणजे नाटक मंडळीचे कायमचे नायक. रुबाब राजाचा, आवाज ढोलाचा आणि पाठांतर शून्य. तू गेल्यापासून आमचं मूकनाट्यच झालंय बघ, ते म्हणाले. मी थांबतो, लोक थांबतात, सगळेच वाट बघत बसतो. आई हसली, बाबा हसले. तीही हसली, पण मनातल्या मनात तिने नोंद घेतली: ओळखलं चेहऱ्यावरून, पण आठवण निघाली ती फक्त कानामागून आलेल्या आवाजाची.

मग जुनं घर. धोबीकामाच्या मोठ्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर इस्त्र्या तापायच्या, वाफेचं यंत्र फुसफुसायचं आणि वरची फरशी बारा महिने कोमट असायची. थंडीत स्वर्ग, उन्हाळ्यात तवा. आता खाली मोबाइलचं चकाचक दुकान झालं होतं. वर राहणारी तरुण नर्स रात्रपाळी करून नुकतीच उठली होती, तरी तिने हसून आत घेतलं. आईने चपला काढल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जिथे ती हिवाळ्यात भाजी निवडत बसायची, तिथे अनवाणी पाय टेकला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. फरशी गार होती. मग आई नर्सला म्हणाली, छान ठेवलंयस गं घर. बाहेर आल्यावर जिन्यात तिने पदराने नाक पुसलं आणि बाबांनी कारण नसताना कठड्याचा स्क्रू हलवून बघितला.

आईचं मन असं हळवं झालेलं असताना आपला विषय काढावा की नाही, असा विचार आपल्या नायिकेने क्षणभर केला. एकच क्षण. पूर्वीची कुजबुज असती तर तेवढ्यावर गप्प बसली असती. पण शहरातल्या बाकावर उभं राहून चार पानं गाजवलेली मुलगी इतकी सहज खाली बसत नाही. स्टँडजवळच्या खानावळीत जेवायला बसल्याबसल्या तिने जाहीर केलं की मी शिंपीकाकांकडे जाऊन येते.

आईचा चमचा ताटाच्या वरच थांबला. ती म्हणाली, रविवारी दुकान बंद असेल. मग म्हणाली, म्हातारा माणूस, दुपारचा आडवा झाला असेल, कशाला त्रास. मग म्हणाली, ऊन किती आहे. एका नकाराला तीन कारणं मिळाली की चौथं, खरं कारण वेगळंच असतं, एवढं पंधराव्या वर्षी कुणालाही कळतं. बाबा म्हणाले, जाऊ दे की, मीही डेपोत एक चक्कर टाकतो. साडेचारची बस आहे.

ती निघाली. वाटेत सभागृह लागलं. दार बंद, पण फटीतून तोच जुन्या पडद्याचा धुळकट वास. तिथेच सगळं घडलं होतं. ती नऊ वर्षांची होती आणि तिला एक वाक्य मिळालं होतं. तार घेऊन यायचं, "साहेब, तार आहे" म्हणायचं आणि निघून जायचं. बस. ती आली, वाक्य खणखणीत म्हणाली. पुढचं वाक्य औषधवाल्यांचं. औषधवाले थांबले. लोक थांबले. औषधवाल्यांच्या कपाळावरचा घाम तिला दिसला, आणि तिला तर सगळं नाटक पाठ होतं. बिचाऱ्यांची दया येऊन तिने त्यांचं वाक्य मोठ्याने म्हणून टाकलं. त्यावरचं नाटकातल्या नायिकेचं उत्तरही म्हटलं, बारीक आवाज काढून. मग सासऱ्याचं, खोकून. अख्खं पान तिने एकटीने वाजवलं. सभागृह असं हसलं की छपराची कबुतरं उडाली. शेवटी पडद्यामागून शिंपीकाकांचा हात आला आणि त्याने तिला दंडाला धरून आत ओढून घेतलं.

घरी त्या रात्री कुणी त्यावर बोललं नाही. आणि पुढच्या वर्षी काकांनी तिच्या हातात अख्ख्या नाटकाची प्रत दिली आणि विंगेत उभं केलं. तिने ते शिक्षा म्हणून घेतलं. नऊ वर्षांच्या डोक्याला दुसरं काय सुचणार?

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत गेली. तेच लांबलचक कापायचं टेबल, ज्याच्याभोवती रोज दुकान मिटल्यावर तालमी चालायच्या. तेच कापडाचे तागे, ज्यांच्यावर मंडळी खुर्च्यांसारखी बसायची. काका चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून कुणाच्या तरी कोटाचा खांदा टाचत होते. तिला बघून त्यांना बरं वाटलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर फार दाखवलं नाही. खांद्यापासून पायापर्यंत एक नजर टाकून म्हणाले, उंची वाढली, खांदे अजून पडलेलेच आहेत, सरळ उभी राहा. घरचं विचारलं, शाळेचं विचारलं. बाबांच्या गुडघ्याला फाटलेल्या विजारीचंसुद्धा विचारलं, ती अजून घालतात का म्हणून.

आणि मग तिने प्रश्न विचारला. बसमध्ये घोकलेल्या कुठल्याही तऱ्हेने नाही, सरळ.

काकांनी टेबलावरच्या डबीतून टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या. चार, पाच, सहा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, काकांना उत्तर द्यायचं नसलं की त्यांचं तोंड टाचण्यांनी भरतं. उशीर का झाला, टाचण्या. बाही तोकडी का आली, टाचण्या. लोक कंटाळून निघून जायचे. ती कंटाळली नाही. एका ताग्यावर बसली, हाताची घडी घातली आणि वाट बघत राहिली. काकांनी एक खांदा टाचला. दुसरा टाचला. मग जिथे काही टाचायची गरज नव्हती तिथेही टाचलं.

"टाचण्या काढा, काका," ती म्हणाली. "माझी बस साडेचारला आहे आणि मी उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाहीये."

या मुलीने या दुकानात इतक्या मोठ्याने आजवर काही म्हटलं नव्हतं. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. एकेक टाचणी काढून उशीत खुपसली.

"मी नाही ठेवलं तुला विंगेत," ते म्हणाले. "मी तुला प्रत दिली. तुझ्याएवढं पाठ कुणाला होतं? पण प्रत दिली म्हणजे भूमिका मागू नकोस असं मी कधी म्हटलं?"

तिला कळेना. भूमिका काका ठरवायचे ना? दर वर्षी पहिल्या वाचनाला ते वेगवेगळ्या भूमिकांचे कागद या टेबलावर मांडायचे आणि एकच शब्द बोलायचे, "घ्या." मग मोठी माणसं हात पुढे करून आपापला कागद उचलायची. तिला वाटायचं, कुणी कुठला उचलायचा ते आधीच काकांनी सांगून ठेवलेलं असतं, माणसं फक्त आपापलं सामान घेतायत. तिला कुणी काही सांगितलेलं नसायचं, म्हणून ती प्रत छातीशी धरून ताग्यावर बसून राहायची. सलग चार वर्षं.

हे तिने सांगितलं तेव्हा काका हसले. अगदी पोट धरून, इंचपट्टी गळ्यात हलेपर्यंत हसले.

"मी सांगून ठेवतो? अगं, मी ठरवत असतो तर औषधवाल्याला नायक केलं असतं का? त्याला स्वतःच्या दुकानाचा पत्ता पाठ नाही. पण तो दर वर्षी सगळ्यांच्या आधी हात घालतो. दोघांनी हात घातला तर वाचायला लावतो, एकानेच घातला तर त्याची. या टेबलाची हीच रीत, माझ्या आधीपासूनची. मी चार वर्षं बघत होतो, ही पोर कधी हात पुढे करते."

"मग मला सांगायचं ना तसं."

"तेच तर करायचं नव्हतं," काका म्हणाले आणि दाराकडे बघून थांबले.

शटरखालून आधी पिशवी आत आली आणि मग आई. ऊन लागून चेहरा लाल झालेला. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण आत यायला तिने नको इतका वेळ लावला. काकांनी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"वहिनी, आलाच आहात तर तुमच्यासमोरच सांगतो," काका म्हणाले. "त्या तारेच्या प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही इथेच उभ्या होतात. म्हणालात, हिला परत स्टेजवर घेऊ नका. मी म्हणालो, मी कुणाला घेत नाही आणि कुणाला नाकारतही नाही. तुमच्यासाठी एवढंच करतो की हिला मी होऊन बोलावणार नाही. पण ज्या दिवशी ती स्वतः मागेल त्या दिवशी तुम्हाला विचारायला येणार नाही. बरोबर?"

आईने मान हलवली. बरोबर, असं त्यात होतं.

मुलगी आईकडे बघत राहिली. इतकी वर्षं 'काकांना कळतं' म्हणणारी आई. रागवावं असं वाटलं, पण राग यायच्या आधी आईच बोलायला लागली. हळू, जणू आता तिलाच कुणीतरी विंगेतून शब्द पुरवत होतं.

"लोक हसत होते हिला. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या मागची बाई म्हणाली, कुणाची ही आगाऊ पोर, घरी ठेवायची ना. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. ही स्टेजवर मजेत उभी, हिला काही कळतच नव्हतं. मला वाटलं, परत कुणी हिला असं हसू नये."

"वहिनी, लोक हसायलाच आले होते," काका म्हणाले. "तिकीट काढून. त्या सबंध नाटकात ते तेवढं एकदाच हसले. मी हिला आत ओढलं ते रागाने नाही, पुढच्या पानावर औषधवाल्याच्या मरणाचा प्रवेश होता म्हणून. तोही हिने केला असता."

यावर आईला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही, म्हणून तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काकांनी कोट उचलला. जायची वेळ झाली असं ते कधी म्हणत नसत, फक्त कात्री हातात घ्यायचे. निघताना मुलगी त्यांच्या पाया पडणार तेवढ्यात ते खेकसले, आधी खांदे. तिने खांदे सरळ केले.

मायलेकी स्टँडकडे निघाल्या. सकाळी दर दहा पावलांवर थांबणारी आई आता एकाही जागी थांबली नाही. मुलीच्या डोक्यात मात्र टेबलाभोवतीची ती सगळी माणसं उभी होती. हात पुढे करणारी. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ती आपणहून पुढे गेली होती, पडेल आवाजाची, तोतरी, विसरभोळी, सगळी. आणि जिला सगळंच पाठ होतं ती ताग्यावर बसून कुणी हाक मारेल म्हणून वाट बघत होती. या विचाराने तिला रडू यायला हवं होतं, पण आली ती खुमखुमी. हात नुसते शिवशिवत होते.

बाबा बाकावर बसले होते, शर्टाच्या दोन्ही बाह्यांना ग्रीस. डेपोत नुसती चक्कर टाकायला गेले होते, पण तिथे एक इंजीन उघडं दिसलं, आता त्यांचाही नाइलाज. मायलेकींचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, काय झालं. आईने थोडक्यात सांगितलं, काहीही न लपवता. स्वतःचंही सांगितलं. बाबांनी कान खाजवला. ते म्हणाले, मला तर त्या दिवशी वाटलं होतं, आपली पोरगी काय दणकून बोलते. मग तेव्हा का नाही बोललात, आईने विचारलं. तू रडत होतीस, बाबा म्हणाले.

बस फलाटाला लागली. माणसं उठली, पिशव्या उठल्या. बाबाही उठायला लागले, पण मुलगी त्यांच्या आणि बसच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"थांबा. बस दहा मिनिटं हलत नाही. मला बोलायचंय."

आईने लगेच ओळखलं. "ती घरमालकीण का? अगं, तीही सगळी हसण्यावारीच आहे. जिन्यावरून पडते म्हणालीस. आणि परत सगळे हसले म्हणजे?"

"आई, ती घरमालकीण आहे. नाही हसले तर मी रडेन."

शेजारच्या बाकावरचा म्हातारा पेपर खाली घेऊन ऐकायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज मुळीच कमी केला नाही.

"उद्या सकाळी बाई प्रत पुढे करतील. ती मी घेणार नाही. सगळ्यांच्या आधी हात वर करून मी घरमालकीण मागणार आहे. दुसऱ्या कुणी मागितली तर आम्ही दोघी वाचून दाखवू, आणि तिने चांगली वाचली तर तिला मिळू दे. मग मी पुढच्या वर्षी मागेन, त्याच्या पुढच्या वर्षीही मागेन. पण विंगेत आता मी उभी राहणार नाही. आणि आई, तू प्रयोगाला यायचंस, तिसऱ्या रांगेत नाही, पहिल्या. मी तुम्हाला दोघांना विचारत नाहीये. सांगतेय."